टपालाची वाकडी वाट

मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, कुरियरवाला दारात येतो, पैसे बोटाच्या एका टिचकीने इकडचे तिकडे होतात. मग खेड्यातली ती एका खोलीची पोस्ट ऑफिसे सरकारने पोसायची तरी कशाला? हा प्रश्न विचारणारी माणसे अडाणी नसतात. चांगली शिकली-सवरलेली असतात आणि त्यांच्याजवळ तुटीचे आकडे असतात. यांना मी हिशेबवाले म्हणतो. त्यांच्यासमोर दुसरा एक पक्ष उभा असतो, हळव्यांचा. लाल पेटी, खाकी कपडे, सायकलची घंटा, आजीने जपून ठेवलेले पोस्टकार्ड... हे आठवून त्यांचे डोळे भरून येतात. मग ते डोळे पुसतात आणि राखी कुरियरने पाठवतात.

वाचकहो, माझे भांडण या दोघांशीही आहे. खेड्यातले पोस्ट हिशेबवाल्यांना दुकान वाटते आणि हळव्यांना ते संग्रहालय वाटते. ते खरे काय आहे हे समजून घ्यायचे असेल तर थोडे दूर, उज्जैनला जावे लागेल.

उज्जैनच का? आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली महाकालाच्या दर्शनाला जातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकचे उद्घाटन झाल्यापासून तर रीघच लागली आहे. मीही जाऊन आलो आहे. पण पोस्टाच्या संदर्भात उज्जैनचे नाव घ्यायचे कारण वेगळे आहे. भारताच्या टपालखात्याला जेव्हा जेव्हा आपल्या कामासाठी एखादे सुंदर नाव हवे झाले, तेव्हा ते त्याने कालिदासाकडून उसने घेतले. १९६० साली खात्याने कालिदासावर दोन तिकिटे काढली. पंधरा नये पैशांच्या तिकिटावर मेघाची विनवणी करणारा यक्ष होता, तर एक रुपया तीन नये पैशांच्या तिकिटावर दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला. १९८४ साली खात्याने आपल्या चांगल्या कर्मचाऱ्यांसाठी पुरस्कार सुरू केला, त्याचे नाव मेघदूत पुरस्कार. २००२ साली पंचवीस पैशांचे नवे पोस्टकार्ड काढले, त्याचेही नाव मेघदूत. त्या कार्डाची गंमत अशी की पत्त्याच्या बाजूची मोकळी जागा जाहिरातदाराला विकलेली होती. दूत आमचा, पाठीवर फलक दुसऱ्याचा!

आता मेघदूतातला दूत कसा आहे ते आठवून पाहा. यक्ष रामगिरीवर, म्हणजे बहुतेक जण मानतात त्याप्रमाणे आपल्या नागपूरजवळच्या रामटेकला, वर्षभराची शिक्षा भोगतो आहे. निरोप पोचवायचा आहे उत्तरेला, कैलासाजवळच्या अलकेत. सरळ वाट विदिशेवरून वर जाते. पण यक्ष मेघाला सांगतो, उत्तरेला जाणाऱ्या तुला ही वाट वाकडी पडेल, तरी उज्जयिनी चुकवू नकोस. तिथे महाकालाच्या मंदिरात सायंकाळच्या पूजेपर्यंत थांब आणि तुझ्या गर्जनेने तिथल्या नगाऱ्याचे काम कर. कुठल्याही कुरियर कंपनीच्या व्यवस्थापकाला हा मार्ग दाखवा. तो तो नापास करील. वेळ वाया, इंधन वाया, आणि वाटेत थांबायचे कारण काय, तर पूजा!

आपल्या मराठीत ‘वाट वाकडी करून येणे’ असा एक छान वाक्प्रचार आहे. माणूस आपल्या सोयीची वाट सोडून तुमच्यासाठी आडबाजूला आला, असा त्याचा अर्थ. खेड्यातले पोस्ट म्हणजे या वाक्प्रचाराचे सरकारी रूप आहे. पत्र ज्याच्या नावाचे आहे तो हमरस्त्यावर राहतो की डोंगरापलीकडे, त्याच्यापासून नफा होतो की तोटा, हे न पाहता त्याच्यासाठी वाट वाकडी करायची, आणि त्याबद्दल त्याच्याकडून एक पैसाही जास्त घ्यायचा नाही. खात्याने मेघदूत हे नाव घेतले, पण त्यातली ही वाकडी वाटच विसरत चालले आहे. माझी तक्रार ती हीच.

‘पूर्वीही दूत होते, खाजगी टपाल होते, तेव्हा कुठे सरकारी पोस्ट होते?’ असे हिशेबवाले विचारतात. होते ना! पण कोणासाठी होते? मराठेशाहीत माळव्यातून पुण्याला पत्रे जात ती जासुदांच्या जोडीने आणि सांडणीस्वारांच्या हाती. सावकारांचे कासीद वेगळे. पानिपतच्या पराभवाची बातमी जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना वाटेत भेलशाजवळ, म्हणजे त्याच विदिशेच्या परिसरात कळली, ती सावकारी कासिदाजवळच्या सांकेतिक पत्रातून. ज्याच्या पदरी जासूद किंवा पेढी, त्याला टपाल. इतरांनी वाट पाहावी.

यात आपला गोव्याचा संबंध फार जवळचा आहे. उज्जैनचे आजचे महाकालेश्वर मंदिर अठराव्या शतकात उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. ते कोकणच्या सारस्वत घराण्यातले. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी हे मूळचे केरकर, आपल्या पेडणे तालुक्यातल्या केरीचे. तेव्हाची शिंद्यांची राजधानी उज्जैन. जिवबादादांची पत्रे कोकणात पोचत असतील, त्यांच्या दिमतीला माणसे होती. पण त्यांच्या फौजेत कोकणातून गेलेल्या साध्या शिपायाचे काय? त्याच्या आईला तो जिवंत आहे की नाही हे कसे कळत असेल? गावाकडचा कोणी परतला आणि त्याला आठवण राहिली, तर कळणार. टपाल खाजगी असण्याचा अर्थ हा असा असतो. ज्याच्याकडे नाही त्याची वाट वाकडी कोणी करीत नाही.

१८५४ साली ही गोष्ट बदलली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून ब्रिटिश हिंदुस्थानात सगळीकडे तिकिटे लागू झाली, आणि पत्राचा दर अंतरावर न ठरता वजनावर ठरू लागला. हलके पत्र अर्ध्या आण्यात. शेजारच्या गावाला अर्धा आणा आणि हजार मैलांवरही अर्धाच आणा. इंग्रजांनी हे आपल्या प्रेमापोटी केले नाही, त्यांना राज्य चालवायचे होते. पण त्या अर्ध्या आण्याने दूरच्या माणसाला जवळच्या माणसाच्या पंक्तीला बसवले. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, १८८० साली मनिऑर्डर आली, १८८२ साली पोस्टाची बचत बँक आली.

उज्जैनकडे मात्र हे सरळ आले नाही. उज्जैन शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात. १८८५ साली या संस्थानाने ब्रिटिश टपालाशी करार केला आणि ब्रिटिश तिकिटांवरच इंग्रजीत आणि नागरीत संस्थानाचे नाव छापून ती वापरात आणली. ही तिकिटे संस्थानाबाहेर ब्रिटिश मुलखातही चालत. शेजारच्या होळकरांनी मात्र १८८६ साली स्वतःची तिकिटे काढली, ती त्यांच्याच हद्दीत चालत. आजच्या उज्जैन जिल्ह्यातली महिदपूर आणि तराना ही गावे तेव्हा होळकरांची, तर उज्जैन, खाचरोद, बडनगर शिंद्यांची. म्हणजे आज एका जिल्ह्यात असलेल्या दोन गावांचे टपाल तेव्हा दोन राज्यांचे होते. सोयरिकी होत होत्या, बाजार एक होता, बोली एकच माळवी होती, पण तिकीट वेगळे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली संस्थानी टपाल भारतीय टपालात विलीन झाले, तेव्हा कुठे ही कटकट मिटली.

गोमंतकीय वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपली पोर्तुगीज तिकिटे १८७१ पासूनची. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पेडण्याहून सावंतवाडीला पाठवलेले पत्र म्हणजे परदेशी टपाल होते! मुलगी दिली हाकेच्या अंतरावर आणि तिचे पत्र येणार दुसऱ्या देशातून. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आज थकले आहेत, पण त्यांना विचारा. आपल्या पत्राला सगळीकडे एकच तिकीट चालते, ही गोष्ट त्यांना फुकटची वाटत नाही.

आता प्रत्यक्ष त्या एका खोलीकडे येऊ. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात २३,३४४ पोस्ट ऑफिसे होती. आज ती एक लाख चौसष्ट हजारांच्या वर आहेत आणि त्यांतली दहातली नऊ खेड्यांत आहेत. जगात एवढे मोठे टपालाचे जाळे दुसऱ्या कुठल्या देशाकडे नाही. हे जाळे उभे राहिले कसे? खात्याने इमारती बांधून? नाही हो. उज्जैन जिल्ह्यात घ्या नाहीतर सत्तरी-काणकोणात घ्या, खेड्यातले पोस्ट बहुतेक करून कोणाच्या तरी घराच्या ओसरीवर, दुकानाच्या कोपऱ्यात किंवा पुढच्या खोलीत असते. पूर्वीपासून पद्धत अशी की गावातला शाळामास्तर, दुकानदार किंवा बऱ्या स्थितीतला शेतकरी पाहायचा आणि त्याच्या गळ्यात पोस्ट बांधायचे. जागा त्याची, खुर्ची त्याची, दिवसाचे चार-पाच तास त्याचे. खात्याचे काय, तर पाटी, तारखेचा शिक्का, तिकिटे आणि वह्या.

या माणसाला खात्याने नाव दिले होते ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’, म्हणजे खात्याबाहेरचा! शिक्का खात्याचा मारायचा, पैसे खात्याचे मोजायचे, चूक झाली तर शिक्षा खात्याची भोगायची, आणि म्हणवून घ्यायचे खात्याबाहेरचा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही माणसे सरकारी पदावरच आहेत, त्यांना वाटेल तसे काढता येणार नाही. पुढे २००१ साली नाव बदलले आणि ‘ग्रामीण डाक सेवक’ झाले. नाव गोड झाले. पण आपल्याकडे ज्याला पुरता पगार द्यायचा नसतो त्याला सेवक म्हणण्याची जुनी चाल आहे, हे लक्षात घ्या.

त्या खोलीतल्या रीती मात्र पाहण्यासारख्या होत्या, आणि पुष्कळशा आजही आहेत. मोठ्या पोस्टातून थैली यायची, तिची लाखेची मोहर तपासायची, मगच उघडायची. आत आलेली प्रत्येक मनिऑर्डर आणि प्रत्येक रजिस्टर पत्र यादीशी ताडून पाहायचे. दिवसाअखेर जमाखर्च लिहून, शिल्लक जुळवून, संध्याकाळी थैली परत रवाना करायची. टपाल आले असो वा नसो, तारखेचा शिक्का रोज बदलायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची मनिऑर्डर आली तर तिचा अंगठा एकटा चालत नाही, साक्षीदार लागतो. या नियमामुळे कितीतरी विधवांचे पैसे मधल्या मधे गडप होण्यापासून वाचले असतील. पत्र वाचून दाखवणे आणि उत्तर लिहून देणे कुठल्याच नियमात नव्हते, पण ते पोस्टमास्तर करीत. कोणाचा मुलगा मुंबईत नापास झाला, कोणाच्या जावयाने पैसे मागितले, हे सगळे त्यांना ठाऊक असे. आणि ते बाहेर बोलायचे नाही, हीही एक रीतच होती. बोलणारा पोस्टमास्तर गावात टिकत नसे. आज आपण आपली सगळी गुपिते ज्या कंपन्यांच्या हवाली केली आहेत त्यांच्याकडे ही रीत आहे काय, ते ज्याचे त्याने पाहावे.

आता हिशेबवाल्यांना उत्तर देतो, आणि त्यांच्याच भाषेत. तूट आहे, हजारो कोटींत आहे, मान्य. पण खेड्यात पोस्ट उघडण्याचा खात्याचा जो निकष आहे तो वाचला आहे का? साधारण भागात पोस्टाने आपल्या खर्चाचा एक तृतीयांश मिळवला तरी पुरे. डोंगराळ, आदिवासी आणि वाळवंटी भागात तर फक्त पंधरा टक्के. म्हणजे हा तोटा कोणाच्या आळसाने किंवा गैरकारभाराने आलेला नाही. समजून-उमजून, लिहून-सवरून घेतलेला तो खर्च आहे. गावच्या रस्त्याने वर्षात किती कमावले असे कोणी विचारत नाही. प्राथमिक शाळेचा नफा कोणी काढत नाही. मग पोस्टानेच काय घोडे मारले?

आणि ‘पत्रे कोण लिहितो?’ हा प्रश्नही अर्धाच आहे. पत्रे कमी झाली हे खरेच. पण त्याच टेबलावर आज बचतखाते आहे, मुलींसाठीची सुकन्या समृद्धी योजना आहे, १९९५ पासून ग्रामीण डाक जीवन विमा आहे, आणि सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची पेमेंट बँक आहे. म्हातारीच्या बोटाचा ठसा यंत्रावर घेऊन तिचे पैसे तिच्या हातात देणारा माणूस आहे. जिथे बँकेची शाखा नाही तिथे सरकार नावाची गोष्ट आठवड्याचे सहा दिवस उघडी असते ती याच खोलीत. मोबाईल आहे ना, म्हणाल. आहे. पण मोबाईलवर पैसे अडकले तर तक्रार घेऊन कोणाच्या ओसरीवर जायचे?

हिशेबवाल्यांचा खरा विजय संसदेत झाला आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. १८९८ च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा हक्क फक्त टपालखात्याला दिला होता. २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्यात हा हक्क उरला नाही. याचा अर्थ शहरातले, फायद्याचे, सरळ वाटेवरचे टपाल आता ज्याला हवे त्याने उघडपणे घ्यावे. उरलेली वाकडी वाट मात्र खात्याने चालावी, आणि पुन्हा तोटा का झाला म्हणून बोलणीही खात्यानेच खावीत. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांचे जुने ‘बुक पोस्ट’ बंद झाले. दिवाळी अंक आणि छोटी मासिके काढणाऱ्यांना याची झळ लागली. पुढे मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आले खरे, पण मधल्या काळात किती जणांनी आवाज उठवला? १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. त्या दिवशी हळव्या पक्षाने मोबाईलवर गहिवरलेले निरोप एकमेकांना पाठवले. बस्स, झाले आंदोलन!

या हळव्या पक्षाबद्दल मला जास्त राग आहे, कारण हे आपले लोक आहेत. यांना पोस्ट आवडते ते गेलेले म्हणून. जुनी लाल पेटी विकत घेऊन ते अंगणात कुंडीशेजारी ठेवतात. ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिनानिमित्त एक लेख लिहितात, त्यात ‘गेले ते दिवस’ असतेच. अहो, दिवस गेले असतील, पण पोस्टमास्तर कुठे गेला आहे? तो तुमच्याच वाड्यावर रोज खोली उघडून बसतो! २२ मे २०१८ पासून सोळा दिवस देशभरातले ग्रामीण डाक सेवक संपावर होते. कामगारांच्या बातमीपलीकडे त्याची दखल आपल्या साहित्यिकांनी, संस्कृतीच्या रखवालदारांनी घेतली का? त्या संपानंतर जे ठरले ते ऐका. चार तासांच्या शाखा डाकपालाला दरमहा बारा हजार, पाच तासांच्याला साडेचौदा हजार मूळ मोबदला, त्यावर महागाई भत्ता. जागा अजूनही त्याचीच, तिच्यासाठी काही शे रुपयांचा भत्ता. खात्यातल्या नियमित नोकरासारखे निवृत्तिवेतन नाही. पत्राची परंपरा म्हणून आपण जिचे गोडवे गातो ती परंपरा या माणसाने आपल्या ओसरीचे भाडे सोडून चालवली आहे. त्याच्याबद्दल चकार शब्द न काढता लाल पेटीवर कविता करणे मला तरी शोभत नाही.

अजून एक गोष्ट सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ ला आलेला पिन कोड हे एका मराठी माणसाचे काम. श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यात वरिष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृतचे कवी, नाटककारही. या माणसाने देशाला सहा आकडे दिले. आपल्या गोव्याचे टपाल ४०३ ने सुरू होते, उज्जैनचे ४५६ ने. पहिला आकडा चार दोघांचाही. शिंद्यांच्या फौजेतला पेडण्याचा शिपाई आणि त्याची आई अखेर एका आकड्याखाली आली, असे मला वाटते. पण इथेही खालचा माणूस खालीच राहिला. देशात पिन आहेत साधारण एकोणीस हजार. म्हणजे खेड्यातल्या बहुतेक शाखा पोस्टांना स्वतःचा क्रमांक नाही, त्या वरच्या पोस्टाच्या क्रमांकावर जगतात. त्यामुळे एखादी बंद झाली तरी नकाशावर काहीच हलत नाही. आवाज न होता बंद करता येते.

म्हणून माझे मागणे हळवे नाही, हिशेबाचेच आहे. खेड्यातल्या पोस्टाचा तोटा वेगळा काढून तो रस्ते-शाळांसारखा सार्वजनिक खर्च म्हणून मांडा. शाखा डाकपालाच्या ओसरीचे रीतसर भाडे द्या. जन्मभर शिक्का मारणाऱ्याला निवृत्तिवेतन द्या. आणि एखादी शाखा बंद करायची किंवा दुसरीत मिसळायची असेल तर आधी ग्रामसभेत येऊन सांगा.

हे सरकारकडे. तुमच्याकडे मागणे याहून लहान आहे. आपल्या गावचे पोस्ट कुठे आहे, ते किती वाजता उघडते आणि तिथे कोण बसते, हे माहीत करून घ्या. तिथे एक खाते उघडा. पुढच्या खेपेला उज्जैनला गेलात तर महाकालाचे दर्शन झाल्यावर महिदपूर किंवा तरान्याच्या बाजूचे एखादे खेडे गाठा, तिथल्या पोस्टात पन्नास पैशांचे कार्ड मागा आणि गोव्याचा पत्ता घालून टाका. मेघाला जे जमले ते आपल्याला जमायला हरकत नाही.